ठिपका दिसेपर्यंत

कोल्हापुरात गल्लीतल्या पोरानं मोबाईलवर सिनेमा काढला तरी त्याच्या पाठीमागं शंभर वर्षांचं काम उभं असतं. याच गावात आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री घराण्यातल्या भावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी हाती घेतलेलं काम तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी पुढं 1929 मध्ये इथंच 'प्रभात' उभी केली. खरी कॉर्नरला बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्यासमोरून रोज शाळेला जाणाऱ्या पोरांना सिनेमा ही मुंबईची गोष्ट वाटत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

तर अशा या गावातल्या एका पेठेत एक तालीम मंडळ होतं. गणपतीची थोडी वर्गणी उरली होती. पोरांनी ठरवलं, यंदा 16 जानेवारीला, बाबूरावांच्या स्मृतिदिनी, लघुपटांची स्पर्धा घ्यायची. प्रवेश फी नाही, कॅमेरा कुठलाही चालेल, लांबी पंधरा मिनिटांच्या आत. बक्षिसं तीन. पहिल्या वर्षी दहा-बारा येतील असा अंदाज होता. आले चौतीस.

परीक्षक तिघं. एक आबा. आबांनी सारी हयात टॉकीजच्या केबिनमध्ये काढलेली, ऑपरेटर म्हणून. दुसऱ्या बाई, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. तिसरा एक तरुण संकलक, मालिकांचे भाग कापणारा. त्याला सगळे दादा म्हणायचे. मानधन काही नाही, शाल आणि नारळ. अशा स्पर्धांचे परीक्षक बहुतेक असेच मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडून फार मागायला आयोजक बिचकतात.

पहिल्या संध्याकाळी तालमीच्या वरच्या खोलीत मोठा टीव्ही लावला. प्रत्येकाच्या हातात गुणपत्रक. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, प्रत्येकाला दहा गुण. रिमोट दादाच्या हातात. पहिला लघुपट त्यानं दीड मिनिट पाहिला आणि पुढं पळवला. मधे थोडा, शेवटी थोडा. "कळलं," म्हणाला. दुसराही तसाच. दादाचंही खोटं नव्हतं. रोज रात्री एक भाग कापून द्यायचा, सकाळी तो चॅनलला गेला पाहिजे. डोळ्यांना तीच सवय लागलेली. बाईंना थोडं चुकल्यासारखं वाटत होतं, पण त्या म्हणाल्या, या क्षेत्रातलं त्यालाच जास्त कळणार. दोन तासांत चौतीस लघुपट उरकले.

चहा आला. सेक्रेटरीनं गुणपत्रकं गोळा केली. आबांचं कोरं होतं.

"आबा, तुमचं राहिलंय."

"राहणारच की. अजून एकबी बघितला नाही मी."

"असं कसं? सगळा वेळ इथंच बसलाय की तुम्ही."

"बसलोय. पण तुम्ही पळवला. पळवलेला सिनेमा मी बघत नाही."

दादा हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं सरळ विचारलं, "आबा, वाईट सिनेमा पहिल्या मिनिटाला कळतो. कशाला शेवटापर्यंत बसायचं?"

आबांनी बशी खाली ठेवली आणि केबिनची गोष्ट सांगितली. ती इथं सविस्तर सांगतो, कारण आजच्या पोरांनी ती केबिन पाहिलेली नाही.

टॉकीजमध्ये दोन मशिनी असायच्या. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं. प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटलेली, आणि जळतील तशा त्या पुढं सरकवत राहायच्या. अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड बिघडायला लागायचा. एका मशिनीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. क्षणभरच. तो दिसला की दुसऱ्या मशिनीची मोटर चालू करायची. मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की उजेड या मशिनीवरून त्या मशिनीवर घ्यायचा. खाली बसलेल्याला कळताही कामा नये. ठिपका चुकला तर पडदा पांढराफटक, आणि स्टॉलातून शिट्ट्या.

"म्हणून," आबा म्हणाले, "मला सगळा सिनेमा बघायलाच लागायचा. चांगला असू दे न्हाईतर पडेल असू दे. ठिपका पडेल सिनेमातबी येतोय. आणि एक सांगतो दादा, लई सिनेमे मला पहिल्या रिळाला वाईट वाटले आणि चौथ्या रिळाला पटले. काही उलटे. पहिलं रीळ बघून मी गुण दिलं असतं तर निम्म्यांवर अन्याय झाला असता."

मग म्हणाले, "पोरांनी दहा मिनिटांचा सिनेमा काढायला दोन-दोन महिने घातलेत. आपण दहा मिनिटं घालू की."

दादानं रिमोट उचलला आणि आबांच्या हातात दिला.

पुढच्या तीन संध्याकाळी चौतीसच्या चौतीस लघुपट पहिल्या चौकटीपासून श्रेयनामावलीपर्यंत पाहिले गेले. आबांनी रिमोटला हात लावला तो फक्त एक संपला की दुसरा सुरू करायला.

कंटाळवाणे होतेच. पंचगंगेच्या पुरावरचे सहा होते आणि त्यातल्या चारांत तेच रडकं संगीत. एकात स्वप्नातून जागं होण्याचा शेवट, दुसऱ्यातही तोच. बाईंनी एकदा हळूच घड्याळ पाहिलं. पण पाहणं थांबलं नाही, आणि पाहता पाहता गुण बदलू लागले.

एक लघुपट गुऱ्हाळावरचा होता, करवीर तालुक्यातल्या एका मुलीनं काढलेला. सुरुवातीला वारा माईकवर आदळत होता, बोलणं कळत नव्हतं, चित्र हलत होतं. पहिल्या संध्याकाळी दादानं याला एका मिनिटात निकालात काढलं होतं. तो एका म्हाताऱ्या गुळव्यावर होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मालक नवा माणूस ठेवायचं म्हणतोय. आठव्या मिनिटाला काहील रटरटते आहे, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आलेली, ती काढून झालेली, पोरं चुलवाणात चिपाडं सारताहेत. आता काहील कधी उतरवायची हे गुळव्यानं सांगायचं. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा, लवकर उतरवली तर ढेप बसत नाही. दुसऱ्या कुणीही कॅमेरा काहिलीवर नेला असता. उकळता रस दिसायला देखणा असतो. या मुलीनं तो म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवला. तो मान कलती करून ऐकतोय. उकळीचा आवाज बदलत जातो, बुडबुडे जाड होत जातात, तसतसा त्याचा चेहरा बदलतो. मग पाण्यात बुडवलेली बोटं तो रसात घालतो, चिमूटभर पाक पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी चाचपतो, आणि म्हणतो, "घ्या." एवढंच. मालक नव्या माणसाबद्दल पुन्हा बोलत नाही. तसा संवादही मुलीनं ठेवलेला नाही.

दादा खुर्चीत पुढं सरकून बसला होता. सुरुवातीचा वारा त्यानं माफ केला नाही. ध्वनीला दहापैकी तीनच गुण दिले, आणि ते योग्यच होतं. दिग्दर्शनाला नऊ.

उलटही झालं. पन्हाळ्यावर ड्रोननं काढलेला एक लघुपट पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या वर होता. तटबंदीवरून धुकं सरकतंय, खाली दरी. पूर्ण पाहिल्यावर कळलं की गोष्ट चौथ्या मिनिटाला संपलेली आहे आणि पुढं नुसतं उडणं आहे. तरीही आबा म्हणाले, "चित्र बाकी बघण्यासारखं आहे बरं का. भारी कॅमेरा आहे म्हणून खाली ढकलायचं नाही." हे मला विशेष वाटतं. महागड्या साधनाला भुलणारे परीक्षक असतात, तसे महागडं साधन पाहूनच नाक मुरडणारेही असतात. दोघांनीही सिनेमा पाहिलेला नसतो.

पहिला क्रमांक ज्याला मिळाला त्याबद्दल तिघांत वादच झाला नाही. बचत गटातल्या बायकांनी काढलेली, नळाच्या पाळीवरून होणाऱ्या भांडणाची गोष्ट होती ती. इतकी नेमकी की त्यावर जास्त बोलायचं कारण पडलं नाही. दुसरं गुऱ्हाळाला. तिसऱ्यासाठी मात्र पन्हाळा आणि आणखी एक, अशी दोन नावं उरली.

तो दुसरा लघुपट एका कॉलेजच्या पोराचा. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यापाशी दोन मित्र भांडण मिटवायला भेटतात आणि ते मिटत नाही, एवढीच गोष्ट. संवाद फार चांगले. पन्हाळ्याला दोन गुण जास्त होते. निकाल लिहायचा तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाला, "एक सांगू का? हे पोरगं पहाटे घरोघर दूध घालतंय आणि कॉलेज करतंय. वडील नाहीत. फोन पण मित्राचा. दोन गुणांचाच प्रश्न आहे. तिसरं त्याला देऊ या की."

खोलीत सगळ्यांचं मन हललं. बाईंनी पेन हातात घेतलं. कुणाचं मन हललं नसतं? आणि खरं सांगायचं तर, बक्षिसाचे पैसे त्याच्या घरी जास्त उपयोगी पडले असते.

आबा म्हणाले, "खासबागेच्या कुस्तीत पंच पैलवानाच्या घरची चूल बघतोय व्हय? पाठ लागली का नाही, तेवढंच बघतोय. गरिबाच्या पोराची पाठ लागली नसताना लागली म्हटलं, तर तो अन्याय. आणि लागली असताना नाही म्हटलं, तर तोबी अन्यायच. समोरच्या पैलवानावर न्हवं, त्या गरिबाच्या पोरावर."

सेक्रेटरी ऐकेना. "आबा, बाबूरावांनीसुद्धा 'सावकारी पाश'मध्ये गरिबाचंच दुःख मांडलं की."

"मांडलं," आबा म्हणाले. "1925 साली मांडलं. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडं जाते, ते पडद्यावर दिसतंय. बाबूरावांना पैशाची किती ओढाताण झाली, ते पडद्यावर नाही. लोकांनी 'सावकारी पाश' नावाजला तो पडद्यावर होतं त्यासाठी. या पोराची अडचण मला तू सांगितलीस. त्याच्या सिनेमानं सांगितली नाही. त्यानं ती सांगायची ठरवलीच नव्हती. त्यानं दोन मित्रांची गोष्ट सांगितली. ती बघायची सोडून आपण त्याच्या दुधाच्या किटल्या बघायला लागलो तर त्याला काय वाटेल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना वर्गात शिकवलेलं काही आठवलं असावं. त्या म्हणाल्या, "'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसला गेला. दामले-फत्तेलाल, आपल्या बाबूरावांच्याच हाताखालचे. जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली. तिथल्या परीक्षकांना मराठी कुठली यायला? देहू कुठं आहे, काढणारे कोणत्या घरचे, किती शिकलेले, हे त्यांना कुणी कानात सांगितलं नव्हतं. पडदा समोर होता, तो त्यांनी पाहिला. आपल्या माणसांचा खरा मान त्यात झाला."

"मग पोराला मदत करायची नाही?" सेक्रेटरीनं विचारलं. त्याच्या मनात खोट नव्हती.

"कर की. मंडळातर्फे त्याची फी भर. माझे पाचशे घे. पण ते बक्षीस म्हणून देऊ नको. उद्या त्याला कळलं, आणि पेठेत काहीबी लपत नाही, तर त्याला वाटणार की आपला सिनेमा कुणी बघितलाच नाही. पुढचा सिनेमा तो कशाच्या जोरावर काढील?"

तिसरं बक्षीस पन्हाळ्याला गेलं.

आता निघायचं, एवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि उरलेले एकतीस?"

"त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र आहे," सेक्रेटरी म्हणाला. "छापून आलंय."

"प्रमाणपत्रावर काय लिहिलंय? सहभाग घेतला. ते त्यांना माहीतच आहे. आम्ही काय पाहिलं ते त्यांना कुठं माहीत आहे?" बाईंनी पिशवीतून वही काढली. तीन संध्याकाळी त्यांनी प्रत्येक लघुपटाच्या नावापुढं काहीबाही टिपून ठेवलं होतं. "बक्षीस तिघांनाच देता येतं. कारण मात्र सगळ्यांना देता येतं. एकेकाला दोन-दोन ओळी लिहू. काय चांगलं झालं, आणि कुठं सुटलं. नेमकं. 'प्रयत्न छान' असलं काही लिहायचं नाही."

दादा म्हणाला, "मी लिहितो. संकलनाचं मला दिसतं." पहिल्या संध्याकाळी सगळं पळवणारा हा माणूस त्या रात्री साडेबारापर्यंत बसला. स्वप्नातून जागं होणाऱ्या पोराला त्यानं लिहिलं: तुझी भीती खरी वाटत होती, जागं करून तूच ती खोटी केलीस. पुरावरच्या एकाला लिहिलं: पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ दाखवलीस ती विसरणार नाही, तिच्यावरचं गाणं काढून टाक. आणि रंकाळ्याच्या पोराला: दोघांचं बोलणं आम्ही पाहिलेल्या सगळ्यांत खरं. मित्र उठून गेला तिथं गोष्ट संपली. त्यानंतर पाऊण मिनिट तळं दाखवलंस, ते कुणासाठी?

कार्यक्रम झाला. पाहुण्यांचं भाषण झालं, हार-तुरे झाले, बचत गटाच्या बायका सगळ्या मिळून व्यासपीठावर चढल्या तेव्हा मागच्या रांगेनं शिट्ट्या घातल्या. नावं पुकारून प्रत्येकाच्या हातात प्रमाणपत्र दिलं, त्याला टाचणीनं लावलेला दोन ओळींचा कागद. काहींनी वाचून घडी करून खिशात ठेवला. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. खरं सांगितलेलं सगळ्यांनाच गोड लागतं असं नाही.

गर्दी पांगत असताना रंकाळ्याचं पोरगं कागद हातात धरून दादापुढं येऊन उभं राहिलं. कान लाल झाले होते.

"दादा, हे बरोबर नाही लिहिलंय तुम्ही."

"काय बरोबर नाही?"

"तळं उगीच नाही दाखवलेलं. मित्र गेल्यावर दुसरा एकटा राहिलाय. ते एकटेपण दाखवायचं होतं मला."

"मग त्याला दाखव. तळं काय दाखवतोस? तळ्याला कुठं मित्र सोडून गेलाय?"

पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "त्याचा चेहरा घेतला होता. पण तो शेवटी कॅमेऱ्याकडं बघतोय."

"किती वेळानं बघतोय?"

"बारा-पंधरा सेकंदांनी असेल."

"पंधरा सेकंद मिळाली तर कशाला तळं पाहिजे? मला त्यातली सहा लागतील."

"सहात कळेल?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? रविवारी ये घरी. मशीन आहे माझ्याकडं. तुझं म्हणणं तसं एकदा कापू, माझं म्हणणं तसं एकदा. मग ठरवू."

"किती वाजता येऊ? दूध घालून आठला मोकळा होतोय मी."

"मग साडेआठला ये. आणि सगळं फुटेज आण, टाकून दिलेलंसुद्धा."